मागं कोन हाय?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी पडवीत बसून छत्रीची मोडलेली काडी तारेनं बांधत होतो. ते म्हणाले, यंदाचा दिवाळी अंक डोंगरावर राबणाऱ्या माणसांचं कौतुक करणारा काढतोय, तुम्ही इतकी वर्षं रोपवेवर होतात, दोन-चार गमती लिहून द्या. मी म्हणालो, कौतुक नको, आमचं एकदा झालेलं आहे. त्यांना वाटलं मी विनयानं बोलतोय. विनयाचा आणि माझा काही संबंध नाही, हे आमच्या घरी कुणालाही विचारा. पण गमती म्हणाले म्हणून बसलो लिहायला.

चौकहून कर्जतच्या रस्त्याला लागलं की आत एका डोंगरावर रिसॉर्ट आहे. नाव सांगत नाही, त्यांची फुकट जाहिरात मी नोकरीत असताना भरपूर केली. वर जायला गाडीरस्ता नाही. एक पायवाट आहे आणि दुसरा आमचा रोपवे. रोपवे म्हटलं की लोकांना काचेची बंद पेटी आठवते. आमचा तसा नव्हता. लोखंडी खांबांवरून गोल फिरणारा एक जाडजूड दोर, आणि त्याला टांगलेल्या दोन-दोन माणसांच्या उघड्या खुर्च्या. खुर्ची थांबत नाही. ती मागून येते, आपण तिच्यापुढे उभं राहायचं, ती गुडघ्यामागे लागली की बसायचं. मग वरची आडवी दांडी खाली ओढायची आणि पाय लोंबकळत डोंगरावर जायचं. आमच्याकडचे लोक त्याला पाळणा म्हणतात.

हे यंत्र आमच्या मालकांनी कुठल्याशा बर्फाच्या देशातून जुनं आणलं. तिकडे लोक पायाला लांब फळ्या बांधून डोंगरावरून घसरत खाली येतात आणि पुन्हा वर जायला असला पाळणा वापरतात. खुर्च्यांवर तिकडच्या भाषेतल्या पाट्या तशाच होत्या. एका पाटीवर फळ्या बांधलेला माणूस आणि फळ्यांची टोकं वर करा असा बाण. वरच्या ठेसनातला माझा जोडीदार गणपत, कुंभिवलीचा, ती पाटी बघून पहिल्या दिवशी म्हणाला, "ह्यो बांबू घेऊन कुठं चाललाय?" पुढं कितीतरी पाहुण्यांनी आम्हाला तोच प्रश्न विचारला. आम्ही सांगायचो, वर कुंपणाचं काम चाललंय.

माझं काम खालच्या ठेसनात खुर्ची धरायचं. चाकाला वळसा घालून खुर्ची आली की पाठीमागून पकडायची, दोन पावलं तिच्याबरोबर चालायचं, तिचा जोर अंगावर घ्यायचा आणि माणसाच्या गुडघ्याला ती अलगद लावायची. दिवसाला किती वेळा, ते माझा उजवा खांदा सांगेल. हुद्दा कागदावर लिफ्ट ऑपरेटर. त्यापायी आमच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं, किती मजल्यांच्या बिल्डिंगला असता? मी म्हणालो, मजले नाहीत, डोंगर आहे. सोयरीक झाली, पण ते आजही मला मुंबईतल्या लिफ्टवाल्यासारखं "खालीच असता का?" असं विचारतात. खालीच होतो, त्यात खोटं काही नाही.

या कामात माणसाचं तोंड बघायचं नसतं, गुडघे बघायचे. तोंडावर सगळेच शूर असतात. ज्याचे गुडघे एकमेकांना चिकटले, तो खुर्ची आली की पुढे पळणार हे ठरलेलं. एकदा एक पैलवान गडी, दंडावर वाघ गोंदलेला, खुर्ची लागताच माझ्या गळ्यात पडला. त्याची बायको शांतपणे एकटी बसून वर गेली आणि वरून त्याला हात करत राहिली. एक जोडपं खाली भांडून आलं आणि वेगवेगळ्या खुर्च्या मागू लागलं. मी दिल्या. येताना एकाच खुर्चीत आलं, कारण वर हवा थंड होती आणि शाल एकच होती. एका आजोबांची कवळी हसताना दरीत पडली. त्यांनी मला बजावलं, "सापडली तर धुऊन ठेवा." जणू न धुता मी ती घालून बसणार होतो.

कवळी सापडली. आता ती कुणाला सापडली ते सांगायला हवं, कारण माझी सगळी गोष्ट तिथंच येऊन थांबते.

दोराखालच्या रानात सहाव्या खांबाजवळ ठाकरांची वाडी आहे. तिथली आंबीबाई कंत्राटदाराकडे रोजंदारीवर होती. दोराखालचं रान साफ ठेवायचं, खांबांवर वेल चढू द्यायचे नाहीत, पावसात एखादा दगड सुटला तर खाली येऊन सांगायचं, ही तिची कामं. शिवाय पाहुण्यांचं जे पडेल ते गोळा करून माझ्याकडे आणायचं. पाय लोंबकळले की चपला पडतातच. एक पडली की माणूस चिडून दुसरीही भिरकावतो, म्हणतो एकीचं काय करू. पहिली पडते चौथ्या खांबाशी, दुसरी पाचव्या. आंबीबाई दोन्ही हुडकून जोडी लावायची. ती स्वतः अनवाणी. मी विचारलं, "आंबे, एवढ्या चपला गोळा करतेस, एक घाल की." ती म्हणाली, "चपलेला वाट दिसत नाय रं दत्तूभाऊ, पायाला दिसते."

एकदा ती अशीच गोणी घेऊन ठेसनात आली, तर एक पाहुणा आरडाओरडा करू लागला. एवढ्या महागाच्या चपला या बाईकडे कशा, पोलिसांना बोलवा. मी चालू पाळणा लाल बटण दाबून थांबवला आणि त्याला म्हणालो, "साहेब, तुमची कुठली पडली ते दाखवा, ती आणून देते म्हणून तुम्ही घरी दोन पायांनी जाता." माणूस ओशाळला. त्याची डावी चप्पल गोणीतच होती. त्या दिवसापासून आंबीबाईकडून माझ्यासाठी पळसाच्या पानात करवंदं, आवळे, जे असेल ते यायला लागलं. ती वाडीत सांगायची, खालचा दत्तूभाऊ बोलतो. मला त्याचा फार अभिमान होता. कुणी कौतुक केलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढतो, ही माझी जुनी खोड आहे.

आता एक गोष्ट यंत्राची. मोटर वरच्या ठेसनात. पाळणा चालू करायचं बटण फक्त गणपतकडे. माझ्याकडे फक्त थांबवायचं. संध्याकाळी बंद करायच्या वेळी गणपत वॉकीवर विचारायचा, "मागं कोन हाय?" शेवटचा माणूस वर पोचायचा असेल तर मी म्हणायचो "हाय". सगळे पोचलेले असले तर "नाय". नाय म्हटलं की तो मोटर बंद करायचा. आम्ही दोघंही याच मातीतले, आहे-नाही आमच्या तोंडात कधी बसलं नाही. आणि वॉकी अशी खरखरती, की पहिलं अक्षर तीच गिळायची. हाय आणि नायमध्ये पहिल्या अक्षराखेरीज काय असतं? इतकी वर्षं आमचं चाललं ते गणपत मला सवयीनं ओळखायचा म्हणून.

मग आमचं कौतुक करायचं ठरलं.

मॅनेजर साहेब नवे होते, कुठंतरी शिबिराला जाऊन आले होते. 'डोंगराचे शिल्पकार' असा सोहळा. वरच्या गच्चीवर मंडप, पाहुणे, शाली, नारळ. मोटरचा आवाज भाषणात येतो म्हणून पाहुणे पोचले की पाळणा बंद ठेवायचा. मोबाइल बंद, वॉकी बंद, माइकमध्ये खरखर येते म्हणून. टाळ्यांना माणसं कमी पडू नयेत म्हणून तिकीट खिडकीतला आणि गेटवरचा, दोघांनाही वर नेलं. गेटवर पाटी लावली, 'कर्मचारी कौतुक सोहळ्यानिमित्त सेवा बंद'. खाली उरलो मी एकटा. माझीही शाल होती, पण मी वर गेलो तर खुर्ची कोण धरणार? साहेब म्हणाले, "तुमची पाठवून देतो." पाळण्यात बसवून खाली पाठवली असती तरी चाललं असतं.

यादीत आंबीबाईचं नाव होतं. पण ती वर कशी येणार, याचा विचार कुणी केला नव्हता. रोजंदारीवाल्यांचा विमा नाही, म्हणून त्यांनी पाळण्यात बसायचं नाही असा नियम. दोर ज्या बाईच्या विळ्यामुळे मोकळा राहतो ती जन्मात त्यावर बसली नव्हती. त्या दिवशी ती खाली माझ्याकडे आली. नारिंगी लुगडं, केसाला तेल. सकाळी एका पाहुण्याची टोपी पडली होती ती द्यायला आली होती, आणि तशीच पायवाटेनं वर निघाली.

"आंबे, कुठं?"

"वर. बोलावलंय ना."

"आज तू पावनी हायस. पाळण्यातून जा."

"नको रं. चालून जाते. येवढुसं तर हाय."

"मी सांगतो ना. मी बसवतो तुला."

तिनं नियमाचं नाव काढलं. मी म्हणालो, नियम मी बघतो. मीच बोललो हे. सगळे पाहुणे गेले होते. एकतीस नंबरची खुर्ची आली, मी ती जन्मात धरली नव्हती इतकी हळू धरली, आंबीबाईला बसवलं, दांडी खाली केली. तिनं डोळे गच्च मिटले होते. खुर्ची उचलली गेली आणि तिचे अनवाणी तळवे माझ्या डोक्यावरून गेले.

पाचेक मिनिटांनी वॉकी खरखरली. "मागं कोन हाय?"

मी म्हणालो, "हाय."

खरखर झाली, मग वॉकी बंद. मला वाटलं, समजलं त्याला. थोड्याच वेळात चाक थांबलं. आधी मी त्या शांततेकडे लक्षच दिलं नाही, चहाचं आधण ठेवत होतो. मग माझं मलाच सुचलं, की वर पोचायला बारा मिनिटं लागतात.

गणपतचा मोबाइल बंद. साहेबांचा वाजत होता, उचलत नव्हते. वॉकीत नुसतीच हवा. माझ्या हातात लाल बटण होतं, थांबवायचं. थांबलेला पाळणा आणखी थांबवता आला असता. चहा तसाच टाकून मी पायवाटेला लागलो. अठरा वर्षांत मी तो डोंगर चार वेळा चढलो असेन. गुडघे बघायचं काम केलं ते दुसऱ्यांचे.

सहाव्या खांबाच्या पुढे घळ आहे. डोंगरातली सगळ्यात खोल जागा तीच. एकतीस नंबर बरोबर तिच्या मधोमध लटकत होता. खाली झाडांचे शेंडे, त्यांच्याही खाली दगड. मी घळीच्या काठावर उभा राहिलो तेव्हा मला तिचं नारिंगी लुगडं आणि पाय दिसले.

"दत्तूभाऊ," तिनं वरून हाक दिली, "पाळना झोपला का रं?"

"झोपला. उठवायला चाललोय. तू हलू नको."

"हलते कशाला, उतरतेच की. खांब ह्यो काय हितं. दोराला धरून जाते."

खांब तिच्या मागे चार वाव, म्हणजे वीस-पंचवीस फुटांवर. ती रोज झाडावर चढणारी बाई, तिला ते अंतर म्हणजे काहीच नव्हतं. पण दोराला वंगण असतं. झाडाला धरतो तसं त्याला धरलं की हात सरकतोच. मी ओरडून सांगितलं, दोर तेलकट हाय, दांडीवरचा हात काढायचा नाय. तिनं दांडी गच्च धरली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मंग तू हितंच ऱ्हा. माझ्या पायाखाली काय नाय रं."

आता काय करावं? मी थांबलो तर पाळणा चालू कोण करणार? मी गेलो तर ती घाबरून उतरायला बघणार. जीव टांगणीला लागतो असं आपण सहज म्हणतो. माझ्या डोळ्यांसमोर तो टांगलेला होता, आणि टांगला मीच होता.

मी म्हणालो, "आंबे, मी हाक मारत जाईन. तू नुसतं हाय म्हन. जवर माझी हाक येतेय तवर दांडी सोडायची नाय. कबूल?"

"कबूल. लवकर ये."

मी चढायला लागलो. वरून कर्ण्यातून भाषण उतरत होतं. कुणी मोठे पाहुणे बोलत होते. "हा डोंगर आपल्याला उंची देतो, पण त्या उंचीवर नेणारे हात मात्र जमिनीवरच राहतात." टाळ्या पडल्या. मी वळून हाक मारली, "आंबे, हायस का?" खालून आलं, "हाय." पुन्हा पन्नास पावलं. "आज आपण त्या अदृश्य हातांसाठी क्षणभर थांबलो आहोत." थांबलो होतो खरेच. "हायस का?" "हाय." माझ्या छातीत भाता चालला होता, आणि हाक मारायला दर वेळी थांबावं लागत होतं. थांबलं की गुडघे परत चालायला तयार नसायचे.

वरच्या वळणाला डोंगर आडवा येतो. तिथून हाक मारली तर उत्तर आलं, पण वाऱ्यानं त्याचं तोंड खाल्लेलं. नुसतं "...आय". हाय म्हणाली की नाय? मी पुन्हा ओरडलो. पुन्हा तेच. वर जाऊ की मागं फिरू, असा मी त्या वळणावर उभा होतो आणि कर्ण्यातून कुणीतरी माझं नाव घेऊन मला खाली शाल पाठवणार असल्याचं सांगत होतं. मी मागं फिरलो. वीसेक पावलं खाली आलो तेव्हा झाडांच्या फटीतून दोन पाय दिसले. गच्च जुळलेले गुडघे. बसली होती. मी पळत सुटलो, म्हणजे माझ्या वयाचा माणूस जितकं पळतो तितकं.

मंडपाच्या मागच्या बाजूनं वर निघालो तेव्हा साहेब माइकवर होते. "आणि आता अनवाणी पायांनी या डोंगराची सेवा करणाऱ्या श्रीमती आंबीबाई. आंबीबाई उपस्थित आहेत का?" कुणी उठलं नाही. साहेबांनी कागद बघितला, पुन्हा विचारलं, "आहेत का?"

"हाय," मी ओरडलो. "पाळण्यात हाय. लटकलीय."

लोक हसले. त्यांना वाटलं कार्यक्रमातलंच काहीतरी आहे. गणपत हसला नाही. शाल अंगावर तशीच घेऊन तो मोटरकडे धावला.

एकतीस नंबर वर आला तेव्हा मी खुर्ची धरली. आंबीबाईच्या हाताची बोटं दांडीवरून सुटेनात, एकेक सोडवावी लागली. पाय जमिनीला लागले तेव्हा तिनं माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरली आणि हळूच म्हणाली, "वरून आमची वाडी केवढीशी दिसते रं." साहेब प्रसंगावधानी माणूस. त्यांनी माइकवर जाहीर केलं, की आजच्या सत्कारमूर्ती खास पाळण्यातून आल्या आहेत. कधी नव्हे एवढ्या टाळ्या पडल्या. तिला शाल घातली, फोटो काढला. तो फोटो अजून तिकीट खिडकीजवळ लावलेला आहे. तिच्या मुठीत कुणाची तरी बाही दिसते. पुढचा मी कापलेला आहे.

मग चौकशी. साहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"दत्ताराम, तुम्ही हाय म्हणालात की नाय?"

"हाय म्हणालो."

"गणपत, तुम्हाला काय ऐकू आलं?"

"साहेब, नाय ऐकू आलं."

"म्हणजे ऐकू आलं नाही?"

"आलं ना. नाय ऐकू आलं."

असं बराच वेळ चाललं. शेवटी साहेब कंटाळले. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, आम्हाला शुद्ध बोलायला शिकवायला खालापूरहून एक निवृत्त मास्तर आणले. आठवडाभर आम्ही दोघं चाकाजवळ उभं राहून "आहे, नाही" घोकत होतो. वॉकीवर आहेचा "ए" व्हायचा आणि नाहीचा "ई", आणि दोन्ही म्हणजे बकरीच ओरडतेय असं वाटायचं. शेवटी आम्ही आपणच "भरला" आणि "रिकामा" असं ठरवलं. ते आजही चालू आहे.

दुसरी गोष्ट अहवालाची. वरच्या ऑफिसात कुणाची तरी चूक दाखवायला हवी होती. माझी दाखवली तर मी कायमच्या नोकरीतला, गणपतची दाखवली तर तोही तसाच, भानगड वाढली असती. साहेबांनी वाक्य लिहिलं, 'सदर रोजंदार महिला विनापरवानगी आसनावर बसली, त्यामुळे अनवस्था प्रसंग ओढवला.' आणि सही करायला कागद माझ्यापुढे सरकवला.

बसली. मी ते दोनदा वाचलं. बसली नव्हती, बसवली होती. फक्त मधला एक 'व' राहिला होता. साहेब, 'व' राहिला, एवढंच म्हणायचं होतं. मी चपलेच्या गोणीसाठी पाळणा थांबवून बोलणारा माणूस. पण तेव्हा समोर अनोळखी पाहुणा होता, आणि आता समोर माझी उरलेली वर्षं होती. मी सही केली. गणपतनं माझ्याकडे पाहिलं आणि त्यानंही केली. आम्ही दोघं मूग गिळून बाहेर आलो.

सोमवारपासून आंबीबाईला येऊ नको म्हणून सांगितलं. शाल मात्र परत घेतली नाही.

तिच्या जागी कंत्राटदाराची माणसं महिन्यातून एकदा येऊन रान कापून जायची. चपलांकडे कुणी बघत नसे. आंबीबाई माझ्याकडे यायची थांबली. आवळे थांबले, करवंदं थांबली. मला वाटलं तिला कळलं असणार. तिला तोंड दाखवायला नको म्हणून मी सहाव्या खांबाकडे बघायचंही सोडलं. माझी नजर गुडघ्यांवरच असायची, त्यामुळे हे जमून गेलं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. वर पुन्हा मंडप, पुन्हा शाल. मला पाळण्यातून वर नेलं. खाली मात्र मी चालत उतरलो, एकटाच, कारण एक काम बाकी होतं. आंबीबाई सहाव्या खांबाखालच्या आपल्या घरासमोर भात झोडत होती. केस पांढरे झाले होते. मला बघून तिनं खाटेवर गोधडी टाकली, पाणी दिलं. एका शब्दानं विचारलं नाही, इतकी वर्षं कुठं होतास.

मग ती आत गेली आणि पायातला एक जोड घेऊन आली. चामडी, तपकिरी, चांगल्या बनावटीचा.

"तुझ्या मापाचा हाय," ती म्हणाली. "एक पावसाच्या आदी घावला, दुसरा दसऱ्याला. ठेवला होता तुझ्यासाठी. आनून देनार होते, पन ठेसनात आमाला येऊ देत नायत."

मी जोड हातात घेऊन बसलो. काय बोलायचं ते उतरताना सगळं ठरवलं होतं. त्याआधी तिनंच विचारलं. वर पाळणा चालू होता, खांबावरची चाकं खडखडत होती. तिला जरा ओरडून बोलावं लागलं.

"तवा सायबाला सांगितलं होतंस ना रं, मीच तिला बसवली म्हनून?"

"नाय," मी म्हणालो.

एक खुर्ची खांबावरून धडधडत गेली. आंबीबाईचा चेहरा उजळला.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "वाडीत सगळी म्हनत होती, कोन बोलतंय गरिबासाठी. मी म्हनलं, बाकीचं ऱ्हाऊ द्या, दत्तूभाऊ बोलला आसंल. सायबानं आयकलं नसंल, ती गोष्ट येगळी."

पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, नाय म्हणता आलं असतं. खुर्च्यांमध्ये अंतर असतं, तेवढ्यात सहज झालं असतं. मी पाणी प्यालो, जोड घेतला आणि उतरलो. तो जोड माळ्यावर आहे. अजून घातला नाही.

तर संपादकसाहेब, गमती मागितल्यात, त्यातली ही शेवटची. आंबीबाईला वाचता येत नाही, पण तिच्या सुनेला येतं. अंक निघाला की मी स्वतः पायवाटेनं जाऊन तो वाडीत देणार आहे, आणि सुनेनं एवढंच मोठ्यानं वाचून दाखवावं. आंबे, तू बसली नव्हतीस. मी बसवली होती. आणि ते मी साहेबाला सांगितलं का, तर नाय. वर चाकं कितीही खडखडू देत, कागदावरचं हे नाय तुला हाय ऐकू येणार नाय.